माध्यमिक शाळेचा प्रवेश: दहावीपासून उलटे मोजत यावे

महाराष्ट्रातील अनेक मुलांची शाळा दहावीच्या आधीच एकदा संपते. जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा कुठे चौथीपर्यंत, कुठे सातवीपर्यंत असते. गावात किंवा वॉर्डात पुढचे वर्ग असतात ते एखाद्या शिक्षण संस्थेच्या विद्यालयात, आणि हे विद्यालय पाचवी ते दहावी किंवा आठवी ते दहावी असे चालते. त्यामुळे चौथीच्या किंवा सातवीच्या वार्षिक परीक्षेच्या सुमारास घराघरांत "आता कुठल्या शाळेत घालायचे" हा प्रश्न निघतो, नातेवाईक दोन-चार नावे सुचवतात, कोणीतरी ओळख काढतो आणि जूनपर्यंत कुठेतरी नाव दाखल होते. निर्णय घाईत झाला तरी त्याचे परिणाम सहा वर्षे चालतात. म्हणून हा विचार किमान दोन वर्षे आधी सुरू व्हावा, आणि तो पाचवीपासून पुढे न करता दहावीपासून मागे करावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. त्याचे मुख्य कारण म्हणजे नववीचा उंबरठा. आठवीपर्यंत मुलाला जे कायदेशीर संरक्षण असते, त्यातले बरेचसे नववीत उरत नाही, आणि मंडळ व विषय बदलण्याची मोकळीकही तिथून झपाट्याने कमी होत जाते.

"खाजगी" म्हणजे नेमके काय

आपल्याकडे "खाजगी शाळा" म्हटले की मोठी इमारत, बस आणि भरमसाट फी डोळ्यासमोर येते, पण कागदोपत्री हा शब्द फार व्यापक आहे. गावातले जुने, कौलारू इमारतीत भरणारे मराठी विद्यालयसुद्धा खाजगीच असते, कारण ते एका नोंदणीकृत संस्थेचे असते. ते अनुदानित असेल तर शिक्षकांचे पगार शासन देते, आणि म्हणून तिथे पालकांवर पडणारा शुल्काचा भार फार थोडा असतो. काही शाळा अंशतः अनुदानित आहेत, काही विनाअनुदानित आहेत, आणि २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर निघालेल्या शाळांना शासनाचे अनुदान मिळतच नाही, त्यांचा सगळा खर्च शुल्कातून भागतो. पुन्हा एकाच संस्थेची एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते, आणि एकाच फाटकातून आत जाणाऱ्या दोन मुलांच्या पावत्यांमध्ये मोठा फरक असू शकतो. त्यामुळे शाळेत गेल्यावर पहिला प्रश्न "फी किती" हा न विचारता "ही तुकडी अनुदानित आहे का" हा विचारावा.

या फरकावर शिष्यवृत्तीसुद्धा अवलंबून असते, आणि ही गोष्ट पालकांना वेळेवर कोणी सांगत नाही. आठवीत होणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत, म्हणजे ज्या परीक्षेला सगळे "एनएमएमएस" म्हणतात तिच्यात, निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी अशी चार वर्षे दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. पण ही योजना शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेतील मुलाला ती लागू नाही. म्हणजे हुशार पण बेताच्या परिस्थितीतील मुलाला आठवीच्या आधी विनाअनुदानित शाळेत हलवले, तर शुल्क वाढतेच आणि ४८,००० रुपयांची संधीही हातची जाते. उलट गावातल्या अनुदानित शाळेत तो राहिला, तर तीच रक्कम त्याच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांना आणि प्रवासाला उपयोगी पडते.

नववीचा उंबरठा

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सामान्य बोलण्यात त्याला "आरटीई" म्हणतात. तो ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी आणि पहिली ते आठवी या वर्गांसाठी आहे. या कायद्याच्या कलम १३ नुसार शाळेला प्रवेश देताना कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशाच्या बदल्यात ठरलेल्या शुल्काबाहेरचे पैसे, घेता येत नाही आणि मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा किंवा मुलाखतही घेता येत नाही. कॅपिटेशन फी घेतल्यास घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. चाळणी लावल्यास पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले आहे. सैनिक शाळा किंवा नवोदय विद्यालयासारख्या ठिकाणी प्रवेश परीक्षेतूनच होतो. या दोन गोष्टी सोडल्या, तर पाचवी किंवा आठवीच्या प्रवेशासाठी मुलाला परीक्षेला बसवणाऱ्या शाळेला पालक शांतपणे कायद्याचे कलम दाखवू शकतात.

नववीत मात्र हे कलम लागू होत नाही. तिथे शाळा लेखी परीक्षा घेऊ शकते, आठवीचे गुण पाहू शकते आणि नाही म्हणू शकते. म्हणून ज्या शाळेत दहावी व्हावी अशी इच्छा आहे, तिच्यात शक्य असल्यास पाचवीला, नाही तर आठवीला तरी प्रवेश घ्यावा. नववीपर्यंत थांबू नये. आठवीत गेलेल्या मुलाला नव्या शाळेत रुळायला दहावीच्या आधी दोन पूर्ण वर्षे मिळतात, नववीत गेलेल्याला एकच. आणखी एक बाब अशी की महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा होते आणि पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवता येते. त्यामुळे "आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही" हे आता गृहीत धरून चालणार नाही, आणि आठवीच्या प्रगतिपुस्तकाकडे नवी शाळा पूर्वीपेक्षा काळजीपूर्वक पाहणार हे उघड आहे.

ज्या मुलांना विनाअनुदानित शाळेत आरटीईच्या, म्हणजे दुर्बल व वंचित गटांसाठीच्या, २५ टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळालेला असतो, त्यांच्यासाठी हा उंबरठा सर्वांत कठीण ठरतो. त्यांचे शिक्षण आठवीपर्यंत मोफत असते. नववीच्या सुरुवातीला शाळा इतर मुलांप्रमाणेच पूर्ण शुल्क मागू शकते. आमच्या परिसरातील एका कुटुंबाला हे आठवीचा निकाल लागल्यावर कळले. वडील रिक्षा चालवत होते, आई शिवणकाम करत होती, आणि मुलगी आठ वर्षे त्याच शाळेत, त्याच मैत्रिणींबरोबर वाढली होती. शेवटी जून संपत आला असताना धावपळ करून तिला अनुदानित शाळेत घातले. शाळा चांगली निघाली, पण ती मुलगी पहिले सत्र जवळजवळ गप्प होती. हीच तयारी सहावीत झाली असती, तर सातवी संपताच ती आठवीला नव्या शाळेत गेली असती, एनएमएमएसला बसू शकली असती आणि तिथल्या वातावरणात वेळेत मिसळली असती. २५ टक्के जागांतून शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी सहावीतच हे दोन पर्याय समोर ठेवावेत: एकतर नववी-दहावीच्या शुल्कासाठी दरमहा काही रक्कम बाजूला काढायला सुरुवात करावी, किंवा आठवीलाच अनुदानित शाळेत प्रवेश घ्यावा.

मंडळ, माध्यम आणि संस्कृतचा तास

कोणते मंडळ चांगले, या वादात पालकांचा फार वेळ जातो. मला त्यापेक्षा मंडळ कधी बदलायचे हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. सीबीएसई आणि आयसीएसई या दोन्ही मंडळांत विद्यार्थ्याची नोंदणी नववीत होते, आणि दहावीत थेट प्रवेश केवळ अपवादात्मक परिस्थितीत, मंडळाच्या परवानगीने मिळतो. म्हणजे राज्य मंडळातून त्या मंडळांत जायचे असेल, तर नववीचा प्रवेश हे शेवटचे दार आहे, आणि खरे तर मंडळ सहावीत किंवा आठवीत बदलणे मुलासाठी जास्त सुखाचे असते. अकरावी-बारावीला राज्य मंडळात परतायचे असा बेत असेल, तर तोही आधीच मनात स्पष्ट असावा. बदलीची नोकरी असणाऱ्या कुटुंबांना सीबीएसई सोयीची पडते, कारण देशभर तोच अभ्यासक्रम मिळतो. एकाच जिल्ह्यात राहणाऱ्या कुटुंबाला ती सोय लागतेच असे नाही.

वर्षाचे कॅलेंडरही पाहावे लागते. सीबीएसईच्या शाळा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतात. राज्य मंडळाच्या शाळांत त्या वेळी वार्षिक परीक्षा चालू असते किंवा व्हायची असते, आणि त्यांचे नवे वर्ष जूनच्या मध्यावर, विदर्भात त्याहून थोडे उशिरा सुरू होते. त्यामुळे इकडून तिकडे जाणाऱ्या मुलाचे निम्मे पहिले सत्र बुडू शकते. नव्या शाळेकडून एप्रिलचा अभ्यास आधीच मागून घ्यावा.

राज्य मंडळाच्या मराठी शाळांत माध्यमाचा प्रश्न थोडा नाजूक आहे. कुठे "सेमी" पहिलीपासून असते, कुठे पाचवीपासून, कुठे आठवीपासून. सेमी-इंग्रजी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. सातवीपर्यंत "अपूर्णांक", "समीकरण", "प्रकाशाचे परावर्तन" असे शिकलेल्या मुलाला आठवीत अचानक इंग्रजी पुस्तक मिळते, तेव्हा त्याला गणित येत नाही असे वाटू लागते. वास्तविक त्याला शब्द ओळखीचे नसतात. अशा बदलाची तयारी सहावी-सातवीत घरीच करता येते. मराठी पुस्तकाशेजारी त्याच इयत्तेचे इंग्रजी पुस्तक ठेवून रोज पाच-सहा संज्ञा जुळवल्या तरी पुरते. दोन्ही माध्यमांची पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. आणि सेमीसाठी आपल्या मुलाची तयारी नसेल, तर पूर्ण मराठी तुकडी निवडण्यात काहीही कमीपणा नाही. विषय समजणे हे पुस्तकाच्या भाषेपेक्षा फार महत्त्वाचे आहे.

संस्कृतबद्दलही असेच. आपल्या अनेक शाळांत संस्कृत आठवीपासून सुरू होते, आणि ते दोन प्रकारे घेता येते. संपूर्ण संस्कृत म्हणजे १०० गुणांची एक स्वतंत्र भाषा, आणि संयुक्त म्हणजे ५० गुण हिंदीचे व ५० गुण संस्कृतचे. आठवीत ज्याने केवळ हिंदी घेतली आहे आणि नववीत जो संपूर्ण संस्कृत असणाऱ्या शाळेत जातो, त्याला एक वर्षाची धातुरूपे आणि विभक्ती उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठ कराव्या लागतात. दहावीला ६०० गुणांची परीक्षा होते आणि सर्वोत्तम पाच विषयांचे ५०० गुण धरून टक्केवारी निघते. त्या टक्केवारीत भाषा हात देतात किंवा मागे ओढतात. म्हणून नव्या शाळेत आठवीपासून कोणत्या भाषा असतात, हे आधीच विचारून ठेवावे. परराज्यातून किंवा परदेशातून परतणाऱ्या मराठी कुटुंबांनी हेही लक्षात घ्यावे की २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे व शिकणे सक्तीचे झाले आहे. घरी मराठी बोलली जात असली, तरी देवनागरीत परिच्छेद लिहिण्याची सवय मुलाला आहे का, हे परतण्याच्या वर्षभर आधी पाहावे.

दहावीनंतरचे एक पाऊलही इथेच मोजता येते. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत. त्यात संस्थांतर्गत कोट्याच्या १० टक्के जागा असतात. माध्यमिक शाळेच्या संस्थेचे स्वतःचे कनिष्ठ महाविद्यालय असेल, तर आपल्या मुलाला त्या जागांचा दावा करता येईल का, याची चौकशी शाळा निवडतानाच करावी.

पैशाचा हिशोब सहा वर्षांचा करावा

विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळा निवडायची असेल, तर पहिल्या वर्षाची पावती पाहून निर्णय घेऊ नये. समजा, पाचवीचे वार्षिक शुल्क ६०,००० रुपये आहे आणि दर दोन वर्षांनी ते १५ टक्क्यांनी वाढते, असे आपण हिशोबासाठी धरले. पाचवी-सहावीला ६०,०००, सातवी-आठवीला ६९,००० आणि नववी-दहावीला ७९,३५० रुपये होतात. सहा वर्षांची बेरीज ४,१६,७०० रुपये येते. वाढ धरलीच नाही तर हीच बेरीज ३,६०,००० येते. म्हणजे साडेछप्पन्न हजारांहून जास्त रक्कम आपण सुरुवातीला डोळ्याआड केलेली असते. यात बस, गणवेश, वह्या-पुस्तके, सहल आणि नववी-दहावीच्या क्लासची फी धरलेली नाही. घरात दुसरे मूल असेल, तर या आकड्यांना दोनाने गुणून पाहावे आणि मग घराच्या हप्त्याशेजारी ठेवून पाहावे. दहावीच्या वर्षात हिशोब जुळला नाही म्हणून शाळा बदलण्याची पाळी मुलावर येणे, हे मला अधिक साध्या शाळेत सुरुवातीपासून शिकण्यापेक्षा कितीतरी वाईट वाटते.

वर धरलेला दोन वर्षांचा टप्पा मी मनाने काढलेला नाही. महाराष्ट्रात शैक्षणिक संस्थांच्या शुल्काचे नियमन करणारा २०११ चा कायदा आहे, तो डिसेंबर २०१४ पासून अंमलात आहे. त्याची रचना पालकांनी नीट समजून घ्यावी. प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ असतो आणि शाळेत मूल असलेला प्रत्येक पालक आपोआप त्याचा सदस्य होतो. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत हा संघ स्थापन व्हावा लागतो. त्यातून कार्यकारी समिती निवडली जाते, आणि इच्छुक पालकांमधून ही निवड सोडतीने व्हावी असे कायदा सांगतो. समितीत प्रत्येक इयत्तेतून एक पालक आणि एक शिक्षक असतो, मुख्याध्यापक अध्यक्ष असतात, आणि सदस्यांमध्ये निम्म्या महिला असाव्या लागतात. पुढील वर्षाच्या शुल्काचा प्रस्ताव व्यवस्थापनाने किमान सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो. समितीने मंजूर केलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे बंधनकारक राहते आणि ते शाळेच्या सूचना फलकावर लावावे लागते. शुल्कावर आक्षेप असल्यास शाळेतील किमान २५ टक्के पालक एकत्र येऊन विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकतात.

या तरतुदींचा प्रवेशाआधीही उपयोग करता येतो. शाळा पाहायला जाल तेव्हा सूचना फलक वाचा. मंजूर शुल्क आणि कार्यकारी समितीच्या सदस्यांची नावे तिथे लावलेली आहेत का, हे पाहा. फलक कोरा असेल किंवा "सोडत कधी झाली" या प्रश्नाला स्पष्ट उत्तर मिळत नसेल, तर त्या शाळेत पुढे शुल्कवाढ कशी होईल याचा अंदाज तिथेच येतो. मी स्वतः एक वर्ष अशा समितीत होते. आमच्या बैठका सौम्य होत्या, भांडणे झाली नाहीत, पण प्रस्तावात "इतर उपक्रम" म्हणून लिहिलेल्या रकमेचा तपशील आम्ही मागितला, तेव्हा त्यातली दोन कलमे व्यवस्थापनाने स्वतःच काढून टाकली. इतक्या साध्या मागणीने हे होते, म्हणून सोडतीत नाव देण्यास पालकांनी मागे राहू नये.

देणगीबद्दल थोडक्यात सांगायचे, तर प्रवेशाच्या बदल्यात पैसे घेणे हे राज्याच्या १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि हा कायदा नववी-दहावीलाही लागू आहे. जागेशी न जोडलेली, स्वखुशीने दिलेली देणगी वेगळी. प्रवेशाच्या टेबलावर मागितलेली रक्कम, तीही पावतीशिवाय, ही स्वखुशीची म्हणता येत नाही.

कागद: यात मी स्वतः चुकले

मुलीला आठवीसाठी दुसऱ्या शाळेत न्यायचे ठरले, तेव्हा शाळा, शुल्क, बस सगळे पाहून झाले होते. फक्त जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधील तिची नोंद आम्ही सात वर्षांत कधी पाहिली नव्हती. शाळा सोडल्याचा दाखला हातात आला, तेव्हा तिच्या आईचे, म्हणजे माझे नाव त्यात चुकीचे होते आणि जन्मठिकाणाचा तालुका वेगळाच लिहिला होता. दुरुस्तीसाठी दोन महिने गेले. दाखला निघाल्यावर चूक दुरुस्त करणे हे मूल शाळेत असताना दुरुस्त करण्यापेक्षा खूपच अवघड असते. मूल शाळेत असताना जन्मदाखल्यासारखा पुरावा जोडून मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने रजिस्टरमधील नाव, जन्मतारीख किंवा जात यांची नोंद सुधारता येते. म्हणून चौथीच्या किंवा सातवीच्या दिवाळीच्या सुट्टीआधीच शाळेत विनंतीअर्ज देऊन रजिस्टरची प्रत पाहून घ्यावी. विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, वडिलांचे आणि आईचे नाव, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, जन्मठिकाण, जात व उपजात ही प्रत्येक नोंद जन्मदाखल्याशी आणि आधार कार्डाशी ताडून पाहावी. जातीची नोंद पुढे जात पडताळणीच्या वेळी तपासली जाते आणि त्या वेळी शाळेच्या नोंदींनाच वजन असते. त्यामुळे "पुढे बघू" असे इथे म्हणू नये.

दाखल्याबरोबर आता ऑनलाइन नोंदीही हलवाव्या लागतात. प्रत्येक मुलाची नोंद यू-डायस प्लस या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत असते. जुन्या शाळेने ती सोडली, की नवी शाळा ती स्वीकारते. ती अर्धवट राहिली तर मूल वर्गात बसते, पण कागदावर जुन्याच शाळेत राहते, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी ते उघडकीला येते. नव्या शाळेच्या कार्यालयातून ही नोंद झाल्याची खात्री जुलैमध्ये करून घ्यावी. परराज्यातून येणाऱ्यांच्या दाखल्यावर तिथल्या शिक्षण अधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागितली जाते, ती तिथून निघण्यापूर्वीच घ्यावी.

मुलाला अक्षरे उलटी दिसणे, वाचायला फार वेळ लागणे, आकडेमोडीत सतत अडखळणे असा त्रास जाणवत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी पाचवी-सहावीतच अधिकृत रुग्णालयात करून घ्यावी. दहावीला जादा वेळ किंवा लेखनिकाची सवलत प्रमाणपत्रावर मिळते, आणि तपासणीच्या तारखांसाठी काही महिने थांबावे लागते. मुलगा "आळशी" आहे असे नववीपर्यंत ऐकत राहिला, तर त्याचे नुकसान प्रमाणपत्राने भरून येत नाही.

शाळा पाहायला जाताना

मान्यता तपासणे हे पहिले काम. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक मागावा. महाराष्ट्रातील क्रमांक २७ ने सुरू होतो. सीबीएसईची शाळा असेल तर संलग्नता क्रमांक मागून तो मंडळाच्या संकेतस्थळावर पाहावा, आणि ती संलग्नता दहावीपर्यंत आहे की अजून फक्त आठवीपर्यंतच्या वर्गांची परवानगी आहे, हे स्पष्ट विचारावे. नव्या शाळा वर्ग वाढवत वाढवत वर जातात आणि "नववीची परवानगी येणारच आहे" असे सांगितले जाते. ती येईपर्यंत आपल्या मुलाची नववी दुसऱ्याच शाळेच्या नावावर लागण्याचा धोका असतो. मान्यतेशिवाय शाळा चालवणे हा एक लाख रुपयांपर्यंत दंडाचा अपराध आहे, आणि शिक्षण विभाग अनधिकृत शाळांच्या याद्या वेळोवेळी जाहीर करतो. शंका असल्यास जिल्हा परिषदेतील माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या, मुंबईत शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयात विचारावे.

त्यानंतर शिक्षकांकडे पाहावे. सहावी ते आठवीसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना वेगवेगळे शिक्षक असावेत आणि ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक असावा, असा आरटीईचा निकष आहे. "नववीला विज्ञान कोण शिकवते आणि ते किती वर्षे इथे आहेत" हा एक प्रश्न शाळेबद्दल फार काही सांगून जातो. प्रयोगशाळेतील चंचुपात्रांवर धूळ आहे का, ग्रंथालयाच्या नोंदवहीत शेवटचे पुस्तक कधी दिले गेले आहे, मुलींची स्वच्छतागृहे दुपारी कशी असतात, हे स्वतः पाहावे. बस घेणार असाल, तर २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखालील परिवहन समिती शाळेत आहे का आणि बसमध्ये मदतनीस असतो का, हे विचारावे. पहिल्या दिवसापासून दहावीपर्यंत रोज दीड तास प्रवास करणाऱ्या मुलाला त्या प्रवासाची किंमत अभ्यासात आणि झोपेत मोजावी लागते. घरापासून चालत जाता येईल अशी बरी शाळा, ही अनेकदा लांबच्या नामांकित शाळेपेक्षा चांगली ठरते, असे माझे मत आहे.

आणि मुलाला बरोबर न्यावे. दहा किंवा तेरा वर्षांच्या मुलाला आपले मित्र सुटणार आहेत हे कळत असते. त्याला मधल्या सुट्टीत मैदानावर अर्धा तास उभे राहू द्यावे आणि परत येताना काय पाहिले ते विचारावे. त्याच्या उत्तरावरच निर्णय घ्यावा असे नाही, पण ते उत्तर ऐकल्याशिवायही तो घेऊ नये.

वेळेची आखणी साधारण अशी पडते. आठवीचा प्रवेश हवा असेल, तर सहावीत शाळांची नावे, मंडळ, माध्यम आणि सहा वर्षांऐवजी तीन वर्षांचा खर्च यांचा विचार करावा. सातवीच्या पहिल्या सत्रात रजिस्टर तपासावे आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला काढायला द्यावा. इंग्रजी माध्यमाच्या बहुतेक खाजगी शाळांचे अर्ज दिवाळीनंतर निघू लागतात, अनुदानित विद्यालयांचे प्रवेश निकालानंतर होतात. म्हणून पसंतीच्या शाळेबरोबर एक अनुदानित शाळा नेहमी हाताशी ठेवावी. निकालानंतर नव्या शाळेकडून प्रवेश निश्चित झाल्याचे पत्र आणि शुल्काची पावती घ्यावी, आणि मगच जुन्या शाळेकडे दाखल्यासाठी अर्ज करावा. आठवीपर्यंतच्या वर्गात दाखला उशिरा मिळाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि जुन्या शाळेनेही तो ताबडतोब द्यायचा असतो. पण नववीत आरटीईचे हे संरक्षण नसते, म्हणून नववीला शाळा बदलणाऱ्याने दाखला आणि प्रवेश यांत आठवड्याचेही अंतर पडू देऊ नये. दाखला हातात आल्यावर कार्यालयाच्या खिडकीपाशीच उभे राहून प्रत्येक अक्षर वाचावे आणि मगच सही करावी.